परळची इस्पितळे

मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी परळ हे एक बेट. त्याचे बेटपण केव्हाच बुजून गेले. पण दुसऱ्या एका अर्थाने ते अद्यापही वेगळे उठून दिसते. चालत सहज ओलांडता येईल एवढ्या टापूत केईएम, वाडिया, टाटा आणि हाफकिन या संस्था एकमेकींना खेटून उभ्या आहेत, आणि देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातून असाध्य दुखण्याचा रोगी मुंबईस निघाला की त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर बहुधा परळचाच पत्ता असतो. ज्या कामगारवस्तीने एके काळी इस्पितळावर चाल केली, तिच्याच अंगणात ही इस्पितळे उभी राहिली आणि तिने ती आपली मानली. हे कसे घडले ते कोनशिलांवरील अक्षरे वाचून कळत नाही. कोनशिलेवर दात्याचे नाव असते. रोग्याच्या भीतीची नोंद तेथे नसते.

इस्पितळ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांबरोबर आला, आणि परळच्या कथेचा आरंभही पोर्तुगीज पाद्र्यांपासूनच होतो. त्यांचा येथे मठ होता व प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ती वास्तू ताब्यात घेतली आणि पुढे तीत मुंबईचे गव्हर्नर राहू लागले. प्रार्थनामंदिराच्या जागेत भोजनाचा व नृत्याचा दिवाणखाना झाला. भोवती बागा, मोकळी हवा, किल्ल्यातल्या गर्दीपासून अंतर. राज्यकर्त्याने राहावे अशीच ही जागा होती. १८७५ साली हिंदुस्थानच्या सफरीवर आलेला प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, याच बंगल्यात उतरला होता. परंतु शहर उत्तरेकडे सरकू लागले, गिरण्यांची धुराडी बागांच्या कुंपणापर्यंत येऊन भिडली, आणि १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा याच राजभवनात पटकीने मृत्यू झाला. त्यानंतर काही वर्षांतच गव्हर्नरांनी आपले बिऱ्हाड मलबार टेकडीच्या टोकाला हलविले. ज्यांना हलणे शक्य नव्हते ते अर्थातच परळात राहिले.

तोपर्यंत मुंबईत इस्पितळे नव्हती असे नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून आणि सरकारच्या मदतीने भायखळ्याचे जे. जे. इस्पितळ व त्याला जोडून ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले होते, डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी. गोकुळदास तेजपाल इस्पितळ १८७४ सालचे. स्त्रियांसाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या पैशातून उभे राहिलेले कामा इस्पितळ १८८६ सालचे. तथापि ही सारी शहराच्या दक्षिण भागात. परळात पहिली सोय झाली ती जनावरांची. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे पशुरुग्णालय आणि १८८६ साली निघालेले पशुवैद्यक कॉलेज परळास मिळाले; ट्रामचे घोडे व गाड्यांचे बैल यांना उपचार मिळू लागले तेव्हा त्याच रस्त्याने गिरणीत जाणाऱ्या माणसांसाठी परळात एकही मोठे इस्पितळ नव्हते.

ही माणसे कोण होती? रत्नागिरीचा, साताऱ्याचा, घाटावरचा शेतकरी. १८५४ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी उभारण्याचा खटाटोप सुरू झाला, आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी हा सारा भाग गिरणगाव झाला. एका खोलीची चाळ, खोलीत पाच-सात माणसे, सामाईक मोरी, आणि पावसाळ्यात दाराशी साचलेले पाणी. हा कामगार आजारी पडला की त्याचे औषध ठरलेले असे: गावी जाणे. बोट किंवा आगगाडी गाठायची, घरच्या माणसांत जाऊन पडायचे. बरे झाले तर परत यायचे. त्याच्या लेखी इस्पितळ म्हणजे ज्याला गाव नाही, घर नाही, उचलणारे चार खांदे नाहीत, त्याने मरावयाची जागा. ही समजूत ध्यानात घेतल्याखेरीज पुढे जे घडले त्याचा उलगडा होत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याची तपासणी करून हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले. आधी कोणी मानावयास तयार नव्हते. बंदराचा व्यापार बुडेल ही धास्ती मोठी होती. मान्य झाले तेव्हा मात्र म्युनिसिपालिटीने एकदम टोकाचे उपाय योजले. गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिकने धुण्यात आली, घरांची कौले काढून ऊन आत घेण्यात आले, आणि ऑक्टोबरच्या आरंभी असा हुकूम निघाला की रोगी आढळताच त्याला, गरज पडल्यास बळाने, इस्पितळात न्यावे. हे इस्पितळ म्हणजे परळच्या दक्षिणेस, आर्थर रोडवर १८९२ साली सुरू झालेले साथीच्या रोगांचे म्युनिसिपल इस्पितळ होय.

त्या रस्त्याचे नाव आज साने गुरुजी मार्ग आहे, आणि त्या इस्पितळाला कस्तुरबांचे नाव आहे. पण त्या ऑक्टोबरात गिरणगावात ‘आर्थर रोड’ हे शब्द उच्चारताच बायका दारे लावून घेत. आत गेलेला माणूस परत येत नाही, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. कारण साधे होते: रोगी शेवटच्या घटकेपर्यंत लपविला जाई आणि तेथे पोहोचे तो मरणोन्मुख अवस्थेतच. परंतु चाळीतल्या माणसाने त्याचा अर्थ वेगळा लावला. डॉक्टर माणसांना उलटे टांगून त्यांचे तेल काढतात, अशी अफवा उठली. त्याच महिन्यात मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. तेव्हा राणीचा कोप शमविण्यासाठी मुंबईकरांची काळजे कापून विलायतेस पाठविली जात आहेत, असेही बोलले जाऊ लागले. ऑक्टोबर संपण्यापूर्वी सुमारे हजार गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. इमारतीची मोडतोड झाली, नोकरांना मार बसला.

या अफवांना आज हसणे सोपे आहे. त्या काळच्या सुशिक्षितांपैकीही अनेक जण हसले. परंतु अफवेच्या पोटात एक खरी तक्रार होती, आणि ती अगदी नेमकी होती. रोग्याला नेल्यावर नातेवाइकांना आत भेटता येत नसे. त्याला कोणाच्या हातचे अन्न मिळते हे कळत नसे. स्त्रीरोग्याच्या अंगाला परका पुरुष हात लावी. आणि मेला तर प्रेत कोणत्या रीतीने हलविले, याचा घरच्यांना पत्ता नसे. इस्पितळाच्या भिंतीआड काय चालते ते दिसत नाही, तेव्हा जे दिसत नाही ते मनाने भरून काढणे क्रमप्राप्तच होते. पुढे १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला, मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी आली, घरोघर झडत्या सुरू झाल्या. पुण्यात याच सक्तीची परिणती जूनमध्ये रँडच्या वधात झाली, हे सर्वश्रुत आहे. मुंबईतही १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यात विणकरांच्या घरातून एका मुलीला तपासणीसाठी नेण्याच्या प्रयत्नावरून दंगल पेटली आणि गोळीबार झाला. शहर ओस पडत होते. १८९७ च्या आरंभी साडेतीन लाखांहून अधिक लोक मुंबई सोडून गेले असा अंदाज आहे. १८९१ सालच्या खानेसुमारीत शहराची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली.

ज्या उपायाने गाठ थोडी सैल झाली तो डॉक्टरी नव्हता. ज्ञातीज्ञातींना स्वतःची प्लेग इस्पितळे काढण्याची मुभा देण्यात आली. पारशी, जैन, खोजा, मराठा अशी इस्पितळे थोड्याच दिवसांत उघडली. कुठे तंबूत, कुठे झावळ्यांच्या झोपड्यांत. तेथे स्वयंपाकी आपल्यातला, औषध देणारा ओळखीचा, कुठे कुठे वैद्य-हकीमही. आणि मुख्य म्हणजे एका नातेवाइकास उशाशी बसता येई. रोग तोच, मृत्यूही थोडेथोडके नव्हते. परंतु लोक आपण होऊन रोगी आणू लागले. ज्ञातीच्या भिंती दृढ करणारी ही व्यवस्था होती, आणि तिचे तेवढे वैगुण्य नाकारता येणार नाही. पण लोकांनी मागितली ती ओळख होती, आणि सरकारला ती अन्य मार्गाने देता आली नव्हती. गिरणी कामगारांचे पहिले पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे या साथीत लोकांच्या मदतीसाठी वावरले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने गेले.

इकडे परळचा रिकामा पडलेला गव्हर्नरांचा बंगला याच धामधुमीत प्लेगच्या रोग्यांसाठी उघडण्यात आला. जेथे मेजवान्या झडत तेथे खाटा लागल्या. आणि १८९९ च्या ऑगस्टमध्ये तेथे एक वेगळाच भाडेकरू राहावयास आला.

वाल्देमार हाफकिन हा ओडेसात १८६० साली जन्मलेला ज्यू शास्त्रज्ञ. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत त्याने पटकीवरील लस तयार केली होती, आणि ती घेऊन तो १८९३ पासून बंगालच्या वस्त्यांतून हिंडत होता. मुंबईत प्लेग उद्भवताच सरकारने त्याला बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक पडवी मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्याने तीन महिन्यांत लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा जे कैदी आपणहून पुढे आले त्यांना लस देण्यात आली. ज्यांनी टोचून घेतले त्यांच्यात दोघांना प्लेग झाला व कोणी मेले नाही; ज्यांनी घेतले नाही त्यांच्यात बाराजणांना झाला आणि त्यांपैकी सहाजण दगावले. कैद्याच्या ‘आपणहून’ या शब्दाचे वजन किती धरावे, हा प्रश्न आजचा वाचक विचारील, आणि तो रास्तच आहे.

लशीवरही लोकांचा विश्वास लगेच बसला नाही. तेथेही ओळखीचेच माणूस उपयोगी पडले. तरुण आगाखानांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, आपली खुश्रू लॉज ही जागा हाफकिनला प्रयोगशाळेसाठी दिली, आणि त्यांच्या मागोमाग हजारो खोजे लस घेण्यास आले. ती जागाही अपुरी पडली तेव्हा सरकारला परळच्या बंगल्याची आठवण झाली. गव्हर्नरांच्या दिवाणखान्यात लशीच्या बाटल्यांच्या रांगा लागल्या. १८९७ ते १९२५ या काळात अडीच कोटींहून अधिक मात्रा मुंबईतून बाहेर पडल्या असे सांगतात.

हाफकिनच्या वाट्याला मात्र याचे सुख फार आले नाही. १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिनला पदावरून दूर करण्यात आले, आणि बाटली गावातच उघडताना दूषित झाली असावी हे मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. तोवर त्याची उमेद गेली होती. तो कलकत्त्यास परतला, पुढे हिंदुस्थान सोडून गेला, आणि १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्यापूर्वी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले होते. सरकारने एखाद्या माणसाची अशी उशिरा का होईना भरपाई केली, हे त्या काळी विरळाच.

याच आवारात प्लेगचे कोडेही बऱ्याच अंशी सुटले. उंदराच्या अंगावरील पिसू रोग पसरविते असे सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत १८९८ साली दाखविले होते. पण शास्त्रज्ञांना ते पटले नव्हते. १९०५ पासून प्लेग कमिशनचे काम परळात चालले. लहान लहान कोठड्या बांधून त्यांत गिनीपिग ठेवण्यात आले. काही पिंजरे जमिनीलगत, काही उंच टांगलेले. खालचे प्राणी प्लेगने मरत, वरचे वाचत, कारण पिसूची उडी तेथवर पोहोचत नसे. म्हणजे माणसाच्या श्वासाने किंवा स्पर्शाने घर ओस पडत नव्हते. ते पडत होते जमिनीवर झोपावे लागल्यामुळे, धान्याच्या पोत्यांशेजारी, उंदरांच्या बिळावर. ज्या रोग्याला ओढून नेण्यासाठी एवढा अनर्थ झाला, त्याला नेऊन साथ थांबणार नव्हती; चाळ सुधारली तर थांबली असती. १८९८ साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने परळात ज्या चाळी बांधल्या त्यांपैकी एकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे बिऱ्हाड होते.

१९१८ साली इन्फ्लुएंझा आला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात मुंबईत एकाच दिवशी सातशेहून अधिक माणसे मेली. साथ प्लेगहून भयंकर. तरी या खेपेस कोणी इस्पितळावर चालून गेले नाही. उलट औषध मिळत नाही, खाटा नाहीत, अशी ओरड झाली. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे व इतर संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून दुधाचे डबे व औषधाच्या बाटल्या घेऊन फिरत होते. बावीस वर्षांत मागणीच पालटली होती. रोग्याला नेऊ नका, असे पूर्वी म्हणणारी वस्ती आता, नेण्यासारखी जागा कोठे आहे, असे विचारू लागली.

त्या प्रश्नाचे उत्तर देणारी संस्था परळास लाभली, परंतु ती निघाली वेगळ्याच कलहातून. सरकारी इस्पितळांतील व मेडिकल कॉलेजातील वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी राखीव असत. या नोकरीची परीक्षा १८५५ पासून हिंदी लोकांस खुली होती खरी, पण ती द्यावयास लंडनला जावे लागे. परिणामी मुंबईतला कितीही नामांकित हिंदी डॉक्टर असो, त्याला कॉलेजात शिकविण्याची अथवा इस्पितळाच्या वॉर्डात प्रमुख म्हणून काम करण्याची संधी दुर्मिळ. सातव्या एडवर्डच्या स्मारकासाठी मुंबईत निधी जमला, म्युनिसिपालिटीने परळात मोठे इस्पितळ बांधावयाचे ठरविले, आणि त्याला जोडून कॉलेज काढण्यासाठी शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मोठी देणगी देऊ केली. या देणगीला त्यांनी एक अट घातली. कॉलेजातील सर्व प्राध्यापक व शिक्षक योग्य ती पात्रता असलेले, सरकारी नोकरीत नसलेले, स्वतंत्र हिंदी डॉक्टर असले पाहिजेत. दानपत्रातील अटी सहसा दात्याच्या नावाच्या पाटीविषयी असतात. ही अट शिकविणाऱ्यांविषयी होती. म्युनिसिपालिटीने ती मान्य केली.

कॉलेज १९२५ मध्ये सुरू झाले, इस्पितळ १९२६ मध्ये. डॉ. जीवराज मेहता हे पहिले अधिष्ठाते. १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हा त्याचे पहिले मुख्यमंत्री ते हेच. इमारतीचा आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट यांचा. नावही मोठे चमत्कारिक पडले: किंग एडवर्ड मेमोरियल. पन्नास वर्षांपूर्वी जो राजपुत्र हाकेच्या अंतरावर गव्हर्नरांचा पाहुणा म्हणून उतरला होता त्याच्या स्मृत्यर्थ उभ्या राहिलेल्या इस्पितळात राजाच्या नोकरवर्गाला शिकविण्याची बंदी! चाळकऱ्यांनी राजाला तीन अक्षरांत गुंडाळून ‘केईएम’ केले, आणि तेच टिकले.

या व्यवस्थेतील खरी नवी गोष्ट मानसेवी डॉक्टरांची होती. गिरगाव किंवा दादरकडे स्वतःचा दवाखाना चालविणारा नाणावलेला सर्जन सकाळी केईएमच्या वॉर्डात विनावेतन येई, विद्यार्थ्यांना घेऊन खाटेखाटेवर फिरे, शस्त्रक्रिया करी, आणि दुपारनंतर आपल्या व्यवसायास लागे. श्रीमंताला तपासणारा तोच हात साच्यावर काम करणाऱ्या जॉबरलाही तपासू लागला. मराठीत विचारपूस करणारे डॉक्टर, बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक, भेटीची ठरलेली वेळ. १८९६ साली जे मागितले गेले त्यापैकी पुष्कळसे येथे ज्ञातीच्या भिंती न घालता मिळाले. या पद्धतीचे दोषही होते, कारण मानसेवी डॉक्टर दुपारी नसे आणि रोगी मात्र रात्रीही असे. वॉर्डाचा तो भार निवासी डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी वाहिला, आणि त्यांची नावे संगमरवरात कोरलेली नाहीत.

केईएमबरोबरच, १९२६ मध्ये, नौरोसजी वाडिया सूतिकागृह निघाले आणि १९२९ मध्ये बाई जेरबाई वाडिया मुलांचे इस्पितळ. गिरणीमालक वाडिया बंधूंनी ही दोन्ही आपल्या आईवडिलांच्या नावे बांधली. त्यांची निकड केवढी होती ते आरोग्यखात्याच्या वहीतच दिसते. १९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या जन्मांच्या मानाने बालमृत्यूंचे प्रमाण हजारी सहाशेच्या वर गेले होते. बाळंतपणासाठी पुष्कळ बाया गावी जात आणि तान्हे मूल घेऊन परतत, त्यामुळे जन्म एकीकडे व मृत्यू दुसरीकडे अशी गफलत या आकड्यात आहे. ती वजा केली तरी तो आकडा अंगावर काटा आणणारा आहे. साच्यावर उभी राहणारी आई मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळागोळी देई. तिला दुष्ट म्हणणे सोपे. तिच्या दहा-दहा तासांच्या पाळीत मुलाला सांभाळणार कोण, हा प्रश्न तिने कोणाला विचारावयाचा? १९२८ साली प्रसूतिसाहाय्याचे बिल मुंबईच्या कायदेमंडळात आले तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली कायदा झाला. मालकाच्या देणगीतून सूतिकागृह आणि मालकावर बंधन घालणारा कायदा, ही दोन्ही तीन-चार वर्षांच्या अंतराने यावीत यात विसंगती काही नाही. एकाने दुसऱ्याची गरज भागली नसती.

टाटा स्मारक रुग्णालयाचा उगम एका घरच्या दुःखात आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय केईएमच्या शेजारी उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे आधी केईएमच्याच कॉलेजात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते, म्हणजे गोवर्धनदासांच्या त्या अटीचे फळ रस्ता ओलांडून येथे आले. कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक, आणि तो तंबाखू खाण्या-ओढण्याच्या कोणत्या सवयीशी जोडलेला आहे, हे खानोलकरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी चिकाटीने तपासले. गोमंतकीय सर्जन डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांनी येथे गोरगरिबांच्या शस्त्रक्रियांत आयुष्य वेचले. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. १९५७ साली संस्था केंद्र सरकारकडे गेली आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे. कर्करोगाचे इस्पितळ अणूच्या खात्यात कसे, असे अनेकांना वाटते. त्याचे उत्तर किरणोपचारात आहे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली झाला आणि त्याखाली परळातच महात्मा गांधी स्मारक रुग्णालय उभे राहिले. त्यामुळे गिरणी कामगाराला उपचार दान म्हणून नव्हे, वर्गणीच्या हक्काने मिळू लागला. १९६८ च्या फेब्रुवारीत, दक्षिण आफ्रिकेतील बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेनंतर अडीच महिन्यांच्या आत, डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये देशातील पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला. मृताच्या नातेवाइकांनी हृदय काढण्यास संमती दिली, ही त्यातील लहानशी वाटणारी गोष्ट. पण ज्या गिरणगावात पूर्वी डॉक्टर काळजे काढून विलायतेस पाठवितात म्हणून लोक चालून गेले होते, त्याच गिरणगावातली ती होती.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या बहुतेक कायमच्या थंडावल्या. धुराड्यांच्या जागी काचेचे मनोरे व मोठाली दुकाने आली. ज्या कामगारांसाठी इस्पितळे बांधली त्यांची मुले विरार-बदलापूरकडे पांगली. इस्पितळे मात्र हलली नाहीत. हलणार कोठे? रोगी मात्र बदलला. आता तो बिहारहून, बंगालहून, विदर्भाहून येतो. पैशाची चणचण जुनीच. २०२० च्या जानेवारीत अनुदानाच्या वादामुळे वाडिया रुग्णालय बंद पडण्याची वेळ आली होती, आणि उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर तो प्रसंग टळला.

त्यानंतर दोनच महिन्यांनी करोनाची साथ आली, आणि मुंबईतील पहिले रोगी ठेवण्यात आले ते आर्थर रोडच्या त्याच आवारात, कस्तुरबा रुग्णालयात. सरकारने त्या वेळी जो कायदा लावला तो १८९७ सालचाच होता. पण या खेपेस लोक दूरध्वनीवरून रात्ररात्र एक खाट मिळावी म्हणून धडपडत होते. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, प्रेताचे दर्शन नव्हते, आणि ही व्यथा मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीची होती तशीच होती.

साथ ओसरल्यावर टाटासमोरचा पदपथ पुन्हा पूर्ववत भरला. कागदांची पिशवी उशाला, शेजारी स्टोव्ह, आणि खाटेवरच्या माणसाची वाट पाहणारे कुटुंब. ज्यांना जागा मिळते ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. तेथे रोग्याबरोबर त्याच्या माणसालाही राहता येते, आणि दोघांना जेवायला मिळते.